थपडेच्या आधीच्या ललिताबाई

एका तरुण अभिनेत्रीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय तेहतीस, गाठीशी प्रायोगिक नाटकं, आणि आता एका मालिकेत पंचवीस वर्षांच्या नायकाच्या खाष्ट आईचं काम समोर आलंय. ओळखीतले सगळे घाबरवताहेत, की एकदा आई झालीस की संपलं. कुणीतरी धीर द्यायला जुन्या चित्रपटांतल्या खाष्ट सासू म्हणून गाजलेल्या ललिता पवारांचं नाव घेतलं. त्यावर तिचं म्हणणं: "ताई, त्यांचा डोळा गेला म्हणून त्यांचा नाइलाज झाला. माझं तसं काही नाही. आणि शेवटी त्यांनी जन्मभर सासूच केली ना?"

मी स्वतः बरीच वर्षं आया, आत्या, मावश्या आणि शेजारणीच करत आले आहे आणि अधूनमधून शिबिरांत शिकवतेही. त्यामुळे या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देते. तुझी दोन्ही वाक्यं मला मान्य नाहीत.

आधी ती थप्पड, कारण ललिताबाईंबद्दल बोलायला लागलं की माणसं तिथूनच सुरुवात करतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात नट भगवानदादांना ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली, आणि लांबलेल्या उपचारांनंतरही तो डोळा कायमचा बारीक राहिला. एवढं खरं आहे. त्याला जोडून जे सांगितलं जातं ते मात्र तपासून घेण्यासारखं आहे. भगवान तेव्हा नवखे होते म्हणून असं झालं, असं वाचायला मिळतं. ते नवखे मुळीच नव्हते. मूकपटांपासून पडद्यावर होते आणि १९३८ पासून दिग्दर्शनही करत होते. अनुभवी नटाकडूनसुद्धा असा अपघात होतो, म्हणून तर आजही मारामारीच्या प्रसंगाची तालीम आधी हळू गतीत घ्यायची असते. दुसरं म्हणजे, त्या तीन वर्षं घरी बसल्या आणि मग 'सासू' होऊन परतल्या, अशी सरळ रेघ ओढली जाते. पण 'प्रभात'चा 'रामशास्त्री' १९४४ सालचा आहे आणि त्यात आनंदीबाई ललिताबाईच आहेत. म्हणजे अपघातानंतर दोनेक वर्षांतच त्या पडद्यावर होत्या, तेही गजानन जागीरदारांच्या रामशास्त्रींसमोर.

आता त्या गोष्टीतला मोठा दोष. ती ऐकणाऱ्याला वाटतं की १९४२ च्या आधी एक सुंदर नायिका होती आणि नंतर एक वेगळीच बाई आली. त्या आधीच्या बाईकडे जरा बघ.

१८ एप्रिल १९१६ चा जन्म, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. मूळचं नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. शाळा अशी झालीच नाही. लहान वयातच पुण्यात मूकपटांत शिरल्या आणि थोड्याच वर्षांत नायिका झाल्या. गणपतराव पवार हे दिग्दर्शक त्यांचे पहिले पती, आडनाव आलं ते तिथून. त्यांनीच दिग्दर्शित केलेला १९३१ सालचा 'दिलेर जिगर' सुदैवाने शिल्लक आहे, पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात. आपल्याकडे मूकपटांच्या काळात हजाराहून जास्त चित्रपट बनले आणि टिकले फार थोडे. त्या थोड्यांत हा एक. कुठे दाखवला गेला तर सोडू नकोस. तलवारबाजीचा, धाडसाचा पट आहे, आणि पंधरा वर्षांची ही मुलगी त्यात ज्या ताकदीने वावरते ते बघितलं की नंतरची मुळं कुठे आहेत ते कळतं. मूकपटात संवाद नाही. राग मानेतून, कमरेतून, चालण्यातून दिसावा लागतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळावा लागतो. पुढे ललिताबाई दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या तरी सेटवरचं वजन बदलतं, ते या शिक्षणामुळे. डोळ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

बोलपट आला तेव्हा कित्येक मूकपट तारकांचं दुकान बंद झालं, कारण गळा नव्हता, भाषा नव्हती. ललिताबाई स्वतःची गाणी स्वतः गायल्या. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: त्यांनी पैसे घालून चित्रपट काढले. १९३२ चा 'कैलास' हा मूकपट त्यांच्या सहनिर्मितीचा. १९३८ चा 'दुनिया क्या है' हा बोलपटही त्यांनी निर्माण केला, तो टॉलस्टॉयच्या 'पुनरुत्थान' या कादंबरीवरून. बावीस वर्षांची, शाळेचं तोंड न पाहिलेली येवल्याची मुलगी टॉलस्टॉय निवडते! निर्मात्याच्या खुर्चीत बसलेल्या नटाला फिल्म किती लागते, शिफ्ट कशी वाया जाते, कोणता प्रसंग कापला जाणार हे कळू लागतं. असा नट पुढे दुसऱ्याच्या चित्रपटात दोन मिनिटांचं काम करतो तेव्हा ती दोन मिनिटं संकलकाला कापता येणार नाहीत अशी करतो.

मग 'अमृत'. १९४१, म्हणजे अपघाताच्या आधीचं वर्ष. वि. स. खांडेकरांची कथा, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन. ललिताबाई त्यात चांभारवाड्यातली बाई आहेत. नटवी नायिका नव्हे, कष्टाने राबलेली, दारूने आणि दारिद्र्याने पोळलेल्या वस्तीतली. त्याआधी भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' झालेला होता. हे सगळं पंचविशीच्या आत. तेव्हा चरित्र अभिनेत्री थपडेने घडवली असं म्हणणाऱ्याने आधी 'अमृत' बघावा. ती घडलेलीच होती. थपडेने फक्त नायिकेचं दार लावलं.

आणि ते दार तसंही लागणारच होतं. हे जरा कठोर वाटेल, पण तुझ्या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे. लीला चिटणीस बघ. 'कंगन', 'बंधन', 'झूला' अशा बॉम्बे टॉकीजच्या एकामागून एक गाजलेल्या चित्रपटांची नायिका, 'झूला' १९४१ चा. १९४८ च्या 'शहीद'मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई आहेत. त्यांना कुणीही थोबाडीत मारलेलं नव्हतं. सात वर्षं गेली, बस. दुर्गाबाई खोट्यांनी तर 'भरत मिलाप'मध्ये १९४२ सालीच कैकेयी केली. आणि शोभना समर्थ, 'रामराज्य'ची सीता, ललिताबाईंच्याच वयाच्या, १९१६ च्या. १९५० साली त्यांची मुलगी नूतन नायिका म्हणून पडद्यावर आली. म्हणजे ललिताबाईंची पिढी चाळिशीच्या आत बाजूला सरकवली गेली, दोन्ही डोळे शाबूत असलेल्यांसकट. नायक मात्र तिथेच राहिले. १९५२ च्या 'दाग'मध्ये त्या दारुड्या शंकरची आई आहेत. शंकर म्हणजे दिलीपकुमार त्यांच्यापेक्षा अवघा सहा वर्षांनी लहान. राज कपूर आठ वर्षांनी. तेव्हा तेहतिसाव्या वर्षी पंचवीस वर्षांच्या नायकाची आई होण्यात अन्याय आहे हे मला मान्यच आहे. तो नवा मात्र नाही, आणि तुझ्या एकटीवर नाही.

आता दुसरं वाक्य, की त्यांनी जन्मभर सासूच केली.

ही समजूत 'दहेज'पासून सुरू होते. शांतारामबापूंचा १९५० चा चित्रपट, नायिका जयश्री, आणि हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू ललिताबाई. गावोगाव बायका त्यांच्या नावाने बोटं मोडत. खलनायिकेच्या यशाची पावती तीच. त्यानंतर निर्मात्यांनी तोच साचा पुन्हा पुन्हा मागितला आणि त्यांनी दिला, हेही खरं. शेकडो चित्रपटांत काम केलेल्या बाईने त्यातली काही कामं डोळे मिटून केली असणारच. मी केली आहेत. घराचे हप्ते असतात.

पण जी कामं टिकली ती एकमेकांशेजारी ठेवून बघ. मी शिबिरात मुलांना एकच प्रश्न विचारते: ही बाई खाष्ट आहे, कबूल, पण घाबरते कशाला? ललिताबाईंच्या प्रत्येक मोठ्या भूमिकेत याचं उत्तर वेगळं मिळतं.

१९५९ साल घे. त्या एकाच वर्षात दोन चित्रपट, दोन्हींची नायिका नूतन, म्हणजे ललिताबाईंच्या समवयस्क शोभना समर्थांची लेक. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त ललिताबाई कर्मठ म्हातारी आहेत. अस्पृश्य घरात जन्मलेली पोर ब्राह्मण घरात वाढतेय हे तिला सहन होत नाही. ही बाई दुष्ट नाही. तिच्या लेखी विटाळाने परलोक बुडतो, आणि ती त्या भीतीने वागते. ती ओरडत नाही, अंग चोरते. पदर कसा सावरलाय, पोरगी जवळ आली की अंतर कसं राखलंय, यावर लक्ष ठेव. आवाज न चढवता जातीयता दाखवण्याचं इतकं अचूक काम त्या काळात दुसऱ्या कुणी केलेलं मला आठवत नाही.

आणि त्याच वर्षी 'अनाडी'च्या मिसेस डिसा. हृषीकेश मुखर्जींचा चित्रपट, राज कपूर भाडेकरू, ही त्याची घरमालकीण. भाड्यावरून कटकट करणारी, तोंडाने फाडून खाणारी, आणि तेच तोंड संपलं की ताट वाढणारी. ख्रिस्ती बाई म्हटलं की हिंदी चित्रपटात तोवर क्लबमधली नाचणारी किंवा साहेबाची टायपिस्ट. ललिताबाईंनी मुंबईच्या कुठल्याही जुन्या वाडीत सापडेल अशी आंटी उभी केली. इथे एक कसबाची गोष्ट सांगते. बोली पकडताना आपण नट मंडळी उच्चारांवर तुटून पडतो आणि व्यंगचित्र होऊन बसतं. त्यांनी उच्चार जेमतेम ठेवले आणि लय पकडली. वाक्य झपझप सुरू होतं, मध्येच अडतं आणि शेवटचा शब्द फेकून दिल्यासारखा येतो. रागावण्याची आणि माया करण्याची लय एकच ठेवलीय, म्हणून कुठल्या क्षणी रागाची माया झाली ते आपल्याला कळत नाही. पुढे भेसळीच्या औषधाने या बाईचा जीव जातो आणि सगळा चित्रपट त्या मृत्यूवर वळतो. चरित्र भूमिकेवर संपूर्ण कथानकाचा भार टाकायची हिंमत दिग्दर्शक फार कमी वेळा करतो. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. हृषीदांचा त्यांच्यावर किती भरवसा असावा याचा अंदाज एवढ्यावरून येतो: बारा वर्षांनी 'आनंद'मध्ये कडक मेट्रनला त्यांनी पुन्हा डिसा हेच नाव दिलं आणि काम ललिताबाईंनाच. राजेश खन्नाचा आनंद या मेट्रनलाही विरघळवतो. प्रसंग थोडे आहेत, पण बघ, विरघळताना ती चेहऱ्यावरचा करडेपणा अजिबात पुसत नाही. नवी नटी असती तर हसली असती.

'श्री ४२०'मधली केळेवाली सगळ्यांना माहीत आहे. नव्याने मुंबईत आलेल्या, खिशात चार पैसे असलेल्या राजूशी भाव करणारी गंगामाई. 'दहेज'ची सासू हीच, हे ज्याला माहीत नाही त्याला सांगूनही पटत नाही. वय तेव्हा एकोणचाळीस.

'मिस्टर अँड मिसेस ५५'बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. गुरुदत्तचा चित्रपट खुसखुशीत आहे, मधुबाला आणि जॉनी वॉकर मजा आणतात. पण घटस्फोटाच्या कायद्यासाठी भांडणाऱ्या सीतादेवीवर, म्हणजे ललिताबाईंच्या भूमिकेवर, तो चित्रपट अन्याय करतो. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी झाला होता, आणि त्यासाठी लढलेल्या बायका म्हणजे पुरुषद्वेष्ट्या, घरं मोडणाऱ्या, असा टोला तिथे मारलाय. लिखाण टवाळीचं आहे. ललिताबाई मात्र टवाळी करत नाहीत. सीतादेवीला आपलं म्हणणं शंभर टक्के पटलेलं आहे अशा ठामपणे त्या बोलतात, आणि म्हणूनच आज बघताना माझ्यासारखीला चित्रपटाचा शेवट पटत नाही, सीतादेवी पटते. लेखकाने तुमच्या भूमिकेला हास्यास्पद ठरवलं असेल तेव्हा नटाच्या हातात एवढंच असतं, आणि ते पुष्कळ असतं.

'जंगली' आणि 'प्रोफेसर' मी नेहमी जोडीने दाखवते. दोन्हींत शम्मी कपूर. १९६१ च्या 'जंगली'त त्या खानदानाच्या इभ्रतीपायी घरात हसायलाच बंदी घालणाऱ्या आई आहेत. पुढच्याच वर्षीच्या 'प्रोफेसर'मध्ये भाच्यांवर करडी नजर ठेवणारी सीतादेवी वर्मा, वरवर तीच बाई. पण शिकवणीसाठी आलेला म्हातारा प्रोफेसर (म्हणजे दाढी चिकटवलेला शम्मी) तिला आवडायला लागतो. मग ही करडी बाई लाजते, नटते, वाट बघते. आपल्याकडे शेहेचाळिशीच्या बाईला प्रेमात पाडणं म्हणजे हशा पिकवायची हमी. ललिताबाई हशाही घेतात, पण एवढी वर्षं ही बाई एकटी होती हे विसरू देत नाहीत. कडकपणा कशाने आला होता ते अचानक दिसतं. खाष्ट भूमिकेतून विनोद कसा काढावा आणि विनोदातून पोकळी कशी दाखवावी, हे मी कुठल्याही पुस्तकातून शिकले नाही, 'प्रोफेसर'मधून शिकले.

डोळ्याबद्दल एवढा वेळ बोलले नाही, आता बोलते, कारण तो त्यांनी लपवला नाही. समोरच्या नटाच्या खांद्यावरून कॅमेरा लागतो तेव्हा आपण त्याच्या दोन डोळ्यांपैकी कॅमेऱ्याकडच्या डोळ्यात बघायचं असतं, म्हणजे चेहरा उघडा राहतो. ज्याचे दोन डोळे सारखे नाहीत त्याचा चेहरा दोन बाजूंनी दोन वेगळी माणसं दिसतो. बारीक डोळा कॅमेऱ्याकडे आला की संशय, हिशेब, डाव. दुसरी बाजू आली की आई. डोक्यावरचा पदर, मान किती वळवायची, कुठल्या क्षणी वळवायची, यातून ललिताबाई हे वापरतात. ते कॅमेरामनचं श्रेय किती आणि त्यांचं किती, हे सेटवर असलेल्यालाच ठाऊक. पण 'अनाडी' आणि 'दहेज' एकामागोमाग बघितलेस तर एकच चेहरा किती वेगळा वाचता येतो ते कळेल.

१९६१ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. मधल्या मराठी कामांत शांतारामबापूंचा 'अमर भूपाळी' आहे. सत्तरनंतरच्या हिंदी चित्रपटांतल्या बऱ्याच भूमिका मात्र ठराविक आहेत, त्यात फार शोधू नकोस.

आणि शेवटी मंथरा. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. त्या मालिकेत बाकी बरेच जण कॅलेंडरमधल्या चित्रासारखे उभे राहून बोलतात. ललिताबाई वाकलेल्या पाठीने शिरतात आणि पद्मा खन्नाच्या कैकेयीला अशा समजावतात की क्षणभर आपल्यालाही वाटतं, बाईचं काय चुकलं? दासी आहे, मालकिणीला अंगाखांद्यावर वाढवलंय, उद्या कौसल्येचा मुलगा राजा झाला की मालकिणीचं आणि पर्यायाने आपलं काय, ही तिची भीती. मूकपटातली शारीरिक शिस्त, 'रामशास्त्री'तल्या आनंदीबाईचा कावा, 'प्रोफेसर'चं एकटेपण, सगळं त्या काही भागांत दिसतं. २०२० च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा लागली तेव्हा माझ्या शिबिरातल्या विशीतल्या मुलांनी पहिल्यांदा ललिताबाईंना पाहिलं आणि त्यांचं काम बघून विचारलं, ही कोण? फेब्रुवारी १९९८ मध्ये पुण्यात औंधला त्या गेल्या, तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती.

आता तुझ्या मालिकेबद्दल. होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारून घे. लेखकाला विचार, ही बाई कशाला घाबरते. त्याला उत्तर माहीत नसेल तर वाईट वाटून घेऊ नकोस, बहुधा नसतंच. तुझं तू ठरव आणि पहिल्या आठवड्यातच ते खेळायला लाग, कारण मालिकेत तुम्ही जे चांगलं करता तेच लेखक पुढे लिहितो. दिग्दर्शकाला विचार, वय कशाने दाखवणार. विग आणि कानशिलावरची पांढरी पट्टी एवढंच असेल तर लूक टेस्टला हट्ट धर आणि चालणं, बसणं, उठणं स्वतः शोधून दाखव. छत्तिशीतल्या ललिताबाई 'दाग'मध्ये मेकअपवर म्हाताऱ्या झालेल्या नाहीत. आणि निर्मितीवाल्यांना विचार, महिन्याला किती दिवस लागतील आणि नाटकाच्या प्रयोगांना सुट्टी मिळेल का. हे कागदावर घे. मालिकेतली आई तुला संपवणार नाही, पण महिन्यातले पंचवीस दिवस तेरा तासांची शिफ्ट लागली तर नाटक नक्की संपेल.